ड्रिलचा गिअरबॉक्स रोबोटला लावताना: आतलं सोडा, बाहेरचं सांभाळा

दरवर्षी कॉलेजची रोबोटिक्स टीम नव्याने उभी राहिली की सुरुवातीलाच एक प्रश्न येतो, "दादा, कॉर्डलेस ड्रिल खोलून त्याची मोटर लावली तर चालेल का?" चालेल, मस्त चालेल, आणि माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक टीमने निदान एकदा हे करावंच. फक्त त्यातली मोटर ही काही खास चीज नाहीये. तसली ५५० साइजची मोटर लॅमिंग्टन रोडला किंवा आपल्या बुधवार पेठेत सुटी मिळते. खरा माल तिच्या पुढचा गिअरबॉक्स आहे. मुठीत मावतो, आत कडक केलेले स्टीलचे गिअर, बऱ्याचदा दोन स्पीड, क्लच, स्पिंडल लॉक, सगळं एकाच डब्यात, आणि ड्रिल ढिगाने बनतात म्हणून परवडतो. तेवढाच टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, देणारा इंडस्ट्रियल प्लॅनेटरी गिअरबॉक्स सुटा घ्यायला गेलं की टीमचं बजेट तिथेच कोलमडतं.

आणि इतकी वर्षं पोरांचे रोबो बघून माझं एक मत पक्कं झालंय, ते आधीच सांगून टाकतो. ड्रिलच्या गिअरबॉक्समधले गिअर सहसा जात नाहीत. जातं ते आपण बाहेरून जोडलेलं, म्हणजे हब, बेअरिंग, माउंटिंग, क्लच लॉक करायला घातलेले स्क्रू. म्हणून पूर्ण डोकं तिथे लावायचं.

ही आयडिया जुनी आहे. अमेरिकेत डीन केमन यांनी फर्स्ट ही संस्था १९८९ साली काढली, १९९२ ला न्यू हॅम्पशायरमध्ये त्यांची पहिली शाळकरी रोबोटिक्स स्पर्धा झाली, आणि तिथे टीमना सहा आठवड्यांत रोबो बांधायचा असायचा आणि आयोजकांकडून पार्ट्सचं एक किट मिळायचं. २००० च्या आसपासच्या किटमध्ये बॉशच्या ड्रिलच्या मोटर आणि त्यांचे गिअरबॉक्स असायचे. म्हणजे हायस्कूलची पोरं ड्रिलच्या गिअरबॉक्सवर साठ-साठ किलोचे रोबो पळवत होती. पुढे काही टीमनी डिवॉल्टच्या थ्री-स्पीड ड्रिलचा गिअरबॉक्स घेऊन त्याला मागून सिम नावाची जाडजूड मोटर जोडली, स्पीड बदलायला सर्वो लावला, आणि महत्त्वाचं म्हणजे सगळं ड्रॉइंगसकट लिहून दुसऱ्या टीमना दिलं. आता तिकडे स्पर्धेसाठीच बनवलेले रेडिमेड गिअरबॉक्स मिळतात त्यामुळे ड्रिल खोलायची वेळ फारशी येत नाही, पण जे प्रश्न त्यांनी तेव्हा सोडवले तेच आज आपल्याकडच्या वर्कशॉपमध्ये जसेच्या तसे समोर येतात. ब्रिटनमध्ये तर १३.६ किलोच्या फायटिंग रोबोंमध्ये स्वस्तातल्या ड्रिलचे गिअरबॉक्स खूप चालायचे.

आपल्याकडे रोबोकॉन या कॉलेजच्या रोबो स्पर्धेमुळे हे वेड पसरलं असं मला वाटतं. आशियाई रोबोकॉन २००२ ला टोकियोत सुरू झाली आणि २००८ आणि २०१४ अशी दोनदा पुण्यात झाली, त्यातली २००८ ची थीम तर चक्क गोविंदा, दहीहंडी! सगळं स्वतः बनवायचं, पैसे कमी, वेळ कमी, आणि चाकाला टॉर्क हवा. अशा वेळी कुणाच्या तरी घरातलं जुनं ड्रिल टेबलावर येतंच.

तर आता आत काय असतं ते बघू. मोटरच्या शाफ्टवर एक छोटं पिनियन असतं, ते म्हणजे सन गिअर. त्याच्याभोवती तीन किंवा जास्त प्लॅनेट, आणि सगळ्यांना वेढून आतून दाते असलेली रिंग. रिंग पकडून ठेवली की प्लॅनेट सनभोवती फिरतात, त्यांना धरणारं कॅरिअर हळू फिरतं, आणि त्याच कॅरिअरच्या दुसऱ्या बाजूला पुढच्या स्टेजचा सन असतो. रेशोचं गणित एका ओळीचं, रिंगचे दाते भागिले सनचे दाते अधिक एक. समजा सन १८, प्लॅनेट १५, रिंग ४८ दात्यांची, तर ४८ भागिले १८ म्हणजे २.६७, अधिक एक, झाले ३.६७. अशा तीन स्टेज एकापुढे एक लावल्या की साधारण ४९. मोटर २०,००० आरपीएमने फिरत असेल तर बाहेर आले ४०० च्या आसपास. ड्रिलवर '०-४०० / ०-१५००' असं छापलेलं असतं ना, ते हेच. मग १५०० कुठून येतात? वरचा स्लायडर ढकलला की मधल्या स्टेजची रिंग सरकते, हाउसिंगची पकड सोडते आणि शेजारच्या कॅरिअरच्या दात्यांत अडकते, म्हणजे ती अख्खी स्टेज एक तुकडा होऊन फिरायला लागते आणि तिचा रेशो होतो १. उरल्या दोनच स्टेज, ३.६७ चा वर्ग १३.४, आणि २०,००० भागिले १३.४ केलं की १,४९० येतं. तुमच्या ड्रिलमध्ये दाते वेगळे असणार, प्रत्येक स्टेजचे वेगळे असू शकतात, पण मार्करने एका दातावर खूण करून मोजा आणि हे गणित स्वतः करा. वर्गात प्लॅनेटरी गिअर ट्रेन फळ्यावर शिकून ज्यांना काहीच झेपलं नव्हतं अशा पोरांना हातात तो चिकट ग्रीसवाला कॅरिअर आल्यावर पाच मिनिटांत कळलेलं मी पाहिलंय, आणि ड्रिल खोला म्हणून मी मागे लागतो त्याचं निम्मं कारण हेच आहे.

खोलताना एक काळजी मात्र घ्याच. स्टेजच्या मध्ये पातळ वॉशर असतात, शिम, ग्रीसमुळे त्या कॅरिअरला चिकटून बसतात आणि डिझेलमध्ये धुताना निघून तळाशी जातात. प्रत्येक थर काढला की फोटो काढा, आणि एका कागदावर क्रमाने मांडत जा. शिम राहून गेली तर गिअरबॉक्स बसतो, फिरतो, आवाजही ठीक येतो, आणि लोड आल्यावर प्लॅनेटची कड कॅरिअरला घासायला लागते. परत बांधताना चांगलं ग्रीस लावा, दात्यांवर, ठासून भरायचं नाही.

आता क्लच. ड्रिलच्या पुढे जो आकडे लिहिलेला कॉलर असतो तो स्क्रू पिळताना स्क्रूवर गरजेपेक्षा जास्त जोर पडू नये म्हणून. आत काय होतं, तर शेवटच्या स्टेजची रिंग हाउसिंगला पक्की नसतेच, तिच्या तोंडावर उंचवटे असतात आणि त्यांच्यामध्ये स्टीलचे छर्रे स्प्रिंगने दाबून बसवलेले असतात. टॉर्क वाढला की छर्रे उंचवट्यावर चढतात, रिंग फिरते, कट-कट-कट आवाज येतो आणि बाहेरचा स्पिंडल, म्हणजे पुढचा फिरता दांडा, थांबतो. ड्रिलच्या चिन्हावर कॉलर ठेवला की छर्ऱ्यांना वर यायला जागाच उरत नाही. आपण रोबोसाठी कॉलर आणि स्प्रिंग काढून टाकतो, आणि मग क्लच कसलाच उरत नाही, रिंग मोकळी फिरते आणि चाक हलत नाही. म्हणून छर्ऱ्यांच्या भोकांत आटे पाडून ग्रब स्क्रू, म्हणजे बिनडोक्याचे स्क्रू, घालायचे आणि छर्रे घट्ट दाबून धरायचे. सगळ्या भोकांत घाला, दोनच घालून भागवू नका, कारण मग पूर्ण रिअ‍ॅक्शन त्या दोन ठिकाणी येते आणि हाउसिंग प्लास्टिकचं असेल तर भोक अंड्याच्या आकाराचं होतं. स्क्रूला लॉकटाइट (आटे सुटू न देणारा गोंद) लावा, सगळे सारखे आवळा, आणि आवळल्यावर हाताने फिरवून बघा. जड लागलं तर रिंग तिरकी दाबली गेलीय असं समजायचं.

पण थांबा, क्लच लॉक करायचाच का हा प्रश्न आधी विचारा, कारण इथे पोरं डोळे झाकून कॉपी करतात. चाकासाठी लॉक करणं बरोबर आहे. बघा ना, चांगली ५५० मोटर १२ व्होल्टवर स्टॉलला, म्हणजे अडून थांबलेली असताना, ०.५ न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क देते, ४९ ने गुणलं आणि तीन स्टेजचं घर्षण वजा केलं तरी बाहेर १८ न्यूटन मीटर आले. आता ४० किलोचा रोबो, चार चाकं, म्हणजे एका चाकावर साधारण १०० न्यूटन. चाक १५० मिमीचं असेल, रबराची पकड अगदी चांगली धरली, तरी ७.५ न्यूटन मीटरला चाक जमिनीवर घसरायला लागतं. म्हणजे गिअरबॉक्सवर पूर्ण १८ येण्याआधी जमीनच सोडून देते, जमीन हाच तुमचा क्लच. आर्मला किंवा ग्रिपरला तसं घसरायला काहीच नसतं. आर्म फ्रेमवर जाऊन आदळली, मोटर चालूच राहिली, की पूर्ण टॉर्क कुठेतरी जाऊन काहीतरी तोडणार. तिथे क्लच ठेवा! कॉलरसकट ठेवा, हव्या त्या आकड्यावर सेट करा. एवढी चांगली टॉर्क लिमिटरची सोय आयती मिळालेली असताना ती लॉक का करायची?

स्पिंडल लॉकचंही तसंच आहे. हल्लीच्या ड्रिलमध्ये चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, एका हाताने पिळता यावा म्हणून आत छोटे रोलर असतात, टॉर्क बाहेरच्या बाजूने आला की ते अडकतात आणि स्पिंडल जाम, मोटरकडून आला की सुटतात. ड्राइव्हला हे त्रासाचं, कारण मोटरची पॉवर कमी केली आणि रोबो स्वतःच्या वजनाने पुढे जात असेल तर चाक मोटरला ढकलायला बघतं आणि ते रोलर खटकन पकडतात, उतारावर तर रोबो गचके खात खाली येतो. त्या काळातल्या अमेरिकन टीमसुद्धा बॉशच्या गिअरबॉक्समधल्या असल्या पिना काढून टाकायच्या. तुम्हीही ड्राइव्हमधून काढा. आर्ममध्ये मात्र तोच प्रकार कामाचा, पॉवर गेली तरी आर्म जिथल्या तिथे राहते. खाली आणताना थोडी थरथरते, तेवढं चालवून घ्यायचं, पण या लॉकच्या भरवशावर आर्मच्या खाली हात घालायचा नाही म्हणजे नाही.

आता सगळ्यात जास्त जिथे अडतं ती जागा, चक काढून तिथे आपलं काहीतरी बसवणं. चकचे जबडे पूर्ण उघडले की आत तळाशी एक स्क्रू दिसतो, त्याला उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवून सुटतो. पोरं नेहमीच्या सवयीने उलट्या बाजूला जोर लावतात आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतात. तो निघाला की चकमध्ये मोठी ॲलन की पकडायची, गिअर लो मध्ये ठेवायचा, आणि की वर घड्याळाच्या उलट दिशेने हातोडीचा एक खणखणीत फटका मारायचा. चक सुटतो. बाहेर येतो तो स्पिंडल, १३ मिमी चकवाल्या ड्रिलचा असेल तर बहुतेक वेळा त्यावर अर्धा इंच वीस आटे असतात (व्यास अर्धा इंच, इंचाला वीस आटे), १० मिमी चकवाल्यावर तीन अष्टमांश इंच चोवीस. हा टॅप साध्या हार्डवेअरच्या दुकानात पटकन मिळत नाही, आणि लेथवाल्या काकांना नुसतं "अर्धा इंचाचे आटे पाडून द्या" असं सांगितलं तर ते त्यांच्या सवयीचे बीएसडब्ल्यू, म्हणजे जुने ब्रिटिश आटे, पाडून देतील, त्यात इंचाला बारा असतात, बसणारच नाही. यूएनएफ (अमेरिकन बारीक आटे) वीस असं स्पष्ट सांगा, चकच सोबत न्या आणि दाखवा. एम१२ वर भागवू नका, जवळपास वाटतं पण नाहीये, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी.

समजा आटे जमले, हब बसला, चाक फिरलं. पुढे जायला मस्त. रिव्हर्स दिला की हब स्वतःहून उघडायला लागतो, कारण स्पिंडलचे आटे सरळ आहेत. चक उघडत नाही कारण तो उलट्या आट्यांचा स्क्रू त्याला आतून धरून असतो, म्हणून तो स्क्रू टाकून देऊ नका. हबच्या मधून भोक ठेवा आणि तोच स्क्रू परत वापरा, रिव्हर्सला हब सुटायला बघतो तेव्हा हा स्क्रू आणखी आवळला जातो. रोबो जड असेल तर त्याच्या जोडीला स्पिंडलवर दोन बाजूंनी कानस मारून फ्लॅट करा आणि हबला दोन ग्रब स्क्रू द्या, किंवा आरपार भोक पाडून पिन घाला. नुसत्या लॉकटाइटवर रोबो सोडू नका, चाक सुटतं ते नेमकं मॅचमध्ये रिव्हर्स मारताना.

आणि मग येतो तो खरा शत्रू, आडवा लोड. ड्रिल बनवलंय भिंतीत सरळ दाबायला. स्पिंडलला पुढे एक बेअरिंग, स्वस्त ड्रिलमध्ये तर नुसतं बुश, आणि मागचं टोक आत कॅरिअरमध्ये. त्याच्यावर आपण चाक थेट लटकवतो आणि रोबोचं वजन टाकतो. चाकाचं सेंटर बेअरिंगपासून ५० मिमी लांब असेल तर मघाच्या १०० न्यूटनमुळे ५ न्यूटन मीटरचा वाकवणारा मोमेंट आला, तोही रोबो नुसता उभा असताना, रॅम्पवरून खाली आदळला की त्याच्या किती तरी पट. भरलेली बादली अंगाजवळ धरायची सोडून हात लांब करून धरली की खांद्याचं जे होतं ते इथे बेअरिंगचं होतं. मग स्पिंडल तिरका होतो, कॅरिअर तिरकं होतं, प्लॅनेट एका कडेवर चालतात, आणि पोरं म्हणतात "गिअर कमजोर आहेत". गिअर बिचारे काय करणार!

उपाय एकच, चाकाचं वजन गिअरबॉक्सवर टाकायचं नाही. चाकाला स्वतःची शाफ्ट द्या, दोन्ही बाजूंना पेडेस्टल बेअरिंग लावा, आणि गिअरबॉक्सकडून फक्त टॉर्क घ्या, मध्ये लव्हजॉय कपलिंग टाकून, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारे दोन हब आणि त्यांच्यामध्ये रबरी स्पायडर. त्या रबरी स्पायडरमुळे अर्धा-एक डिग्री तिरकं बसलं असेल तरी खपून जातं, आणि आपल्या हाताने बनवलेल्या फ्रेममध्ये तेवढं तिरकं असतंच. जागा नसेल तर चेन. चेनमध्ये स्प्रॉकेट बेअरिंगला अगदी चिकटून ठेवा, कारण चेनचा ताण हाही आडवा लोडच आहे, आणि जमलं तर स्पिंडलच्या पुढच्या टोकालाही एक बेअरिंग द्या. चेनचा एक फायदा असा की रेशो नंतर बदलता येतो, हे फायनल रेशोचं गणित नीट न जमलेल्या टीमला फार उपयोगी पडतं.

रेशोवरून आठवलं, हाय गिअरच्या मोहात पडू नका. १५० मिमी चाकाचा परीघ ४७ सेंटीमीटर, ४०० आरपीएमला सेकंदाला ३.१ मीटर झाले, लोडखाली अडीच धरा. कॉलेजच्या कुठल्याही मैदानाला हे भरपूर आहे. १,४९० ला तेच सेकंदाला साडेअकरा मीटरच्या पुढे जातं, म्हणजे ताशी चाळीस किलोमीटरच्या वर, आणि मोटर तो लोड उचलू शकत नाही, नुसती करंट खाऊन गरम होते. लो मध्ये टाका, स्लायडरची ती वाकवलेली तार तिथेच बांधून किंवा चिकटवून टाका, नाहीतर धक्क्याने सरकते आणि रिंग अर्धवट अडकून दात्यांची टोकं खाते. चालू मॅचमध्ये शिफ्ट करणं शक्य आहे पण त्यासाठी चाक थोडं फिरत असताना आणि लोड नसताना सरकवावं लागतं, पहिल्या वर्षाच्या टीमने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माउंटिंगबद्दल थोडक्यात. ड्रिलचं बाहेरचं कव्हर फक्त दिसायला नसतं, बऱ्याच मॉडेलमध्ये मोटर आणि गिअरबॉक्स एकमेकांना धरून ठेवायचं काम तेच करतं. कव्हर काढलं की दोन्ही वेगळे होतात. आणि जेवढा टॉर्क चाकाला तेवढाच उलटा गिअरबॉक्सच्या बॉडीला, त्यामुळे हाउसिंगवर जे खिळ्यासारखे कान असतात ते ६ मिमीच्या अॅल्युमिनियम प्लेटमध्ये खाचा करून अडकवा, मागे मोटरला दुसरी प्लेट, आणि दोन्हीमध्ये स्पेसर. स्पेसर मोजून करा, कमी लांबीचा झाला तर आवळल्यावर आत सगळं जाम होतं. नुसता पाइप क्लॅम्प चालत नाही, बॉडी आत फिरते. अॅक्रिलिक तर नकोच, ते तडकतं. घाईत असाल तर कव्हरचं हँडल कापा आणि पुढचा डबा तसाच फ्रेमला धरा, दिसायला ओबडधोबड पण पक्कं.

मोटर बदलायची असेल तर नीट मोजून ठरवा. ५५० चा शाफ्ट ३.१७ मिमी आणि पुढची भोकं २५ मिमी अंतरावर एम३ ची, ७७५ चा शाफ्ट बहुतेक ५ मिमी आणि भोकं २९ मिमीवर एम४ ची. म्हणजे पिनियन बसत नाही, आणि छोट्या पिनियनला ५ मिमी बोअर केलं तर दात्यांखाली धातूच उरत नाही. मूळ मोटर ठेवणं सोपं. फक्त तिला ड्रायव्हर तसा द्या. १२ व्होल्टला स्टॉल करंट ८५ अँपिअरच्या घरात जातो, आणि तिथे दर चॅनलला २ अँपिअरचा एल२९८ हा छोटा मोटर ड्रायव्हर लावला तर तो लगेच जळणार. ड्रिल १८ व्होल्टचं असेल आणि तुम्ही थ्री सेल लिपो बॅटरी (११.१ व्होल्ट) लावली तर स्पीडही त्याच प्रमाणात उतरतो, वरचं सगळं गणित तुमच्या व्होल्टेजला परत करा. मोटरला हवा लागते, तिच्यात आत छोटा पंखा असतो, भोकं बंद करून ती डब्यात कोंबू नका.

शेवटचं, खरेदी. एकाच वेळी एकाच मॉडेलची ड्रिल घ्या, ड्राइव्हसाठी लागतील तेवढी अधिक एक स्पेअर, आणि सगळी एकाच दुकानातून. बाहेरचा स्टिकर तोच ठेवून आतला गिअरबॉक्स बदललेला असतो, कधी धातूची रिंग जाऊन प्लास्टिकची आलेली असते, कधी पहिल्या स्टेजचे प्लॅनेट नायलॉनचे. नायलॉनचे दिसले तरी लगेच घाबरू नका, पहिल्या स्टेजला टॉर्क कमी असतो आणि आवाज कमी व्हावा म्हणूनही ते देतात. शेवटच्या स्टेजला स्टीलच हवं. जुन्या बाजारात बंद पडलेली ड्रिल मिळतात, त्यात बॅटरी नाहीतर स्विच गेलेला असतो आणि गिअरबॉक्स ठणठणीत. चक हाताने धरून वर-खाली हलवून बघायचा, खडखड करत हलला तर बेअरिंग गेलंय, ठेवून द्या. घट्ट असेल तर भाव करा.